नळी निघाली तर काय होईल?

ओमाहाहून डेन्व्हर ५४० मैल. त्यातले साधारण ३५० मैल अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या इंटरस्टेट-८० या महामार्गावर जातात, आणि त्यातही लिंकन ते ग्रँड आयलंड हा ७२ मैलांचा पट्टा असा आहे, की त्यात वळण म्हणावं असं वळणच नाही. दोन्ही बाजूंना मका, वर आभाळ, समोर ट्रकचं ढुंगण. कारवाल्यांना अशा रस्त्यावर झोप येते. मोटारसायकलवाल्याला झोप येत नाही, कारण त्याचा उजवा हात दुखत असतो.

दुखणं ताकदीचं नाही. मूठ पिळायला जोर लागतोच कुठे? पण ती एकाच जागी, स्प्रिंगच्या विरुद्ध, तासन् तास धरून ठेवायची असते. माझी गाडी २००७ची सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०. यॉर्क येईपर्यंत अंगठा आणि तर्जनी बधिर, आणि कियर्नीला रस्त्यावर बांधलेल्या त्या भल्यामोठ्या कमानीखालून जाताना मधलं बोटही गेलेलं. मग हात सोडून झटकायचा. तेवढ्यात वेग ७५ वरून ६५ वर, आणि मागचा ट्रक आरशात भरलेला. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं, कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातली नस दाबली जाण्याची, सुरुवात आहे म्हणाल्या आणि मोटारसायकल कमी करा, असा सल्ला दिला. मी मनगटाचा पट्टा आणला आणि सल्ल्यावर विचार करतोय असं घरी सांगितलं.

आधी थ्रॉटल लॉक लावून पाहिलं. मुठीला घासून धरणारी एक कडी असते, दाबली की मूठ आहे तिथे थांबते. स्वस्त, पाच मिनिटांत बसतं. पण ते मूठ धरतं, वेग धरत नाही. जरासा चढ आला की गाडी मंदावते, उतार आला की पळते, आणि समोरून वारा आला की, नेब्रास्कात तो येतोच, दर दोन मिनिटांनी मूठ सारखी करावी लागते. शिवाय मूठ सोडली तरी अ‍ॅक्सिलेटर आपणहून बंद होत नाही, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती.

आजच्या बऱ्याच गाड्यांत मूठ म्हणजे नुसता सेन्सर असतो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, एक मोटर उघडते, त्यामुळे क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, ही सॉफ्टवेअरची एक ओळ झाली आहे. माझ्या गाडीत मुठीपासून थ्रॉटलपर्यंत तारेच्या केबल आहेत. तिथे कुणीतरी प्रत्यक्ष ओढणारा लागतो. ऑडिओव्हॉक्सचा सीसीएस-१०० नावाचा एक संच यासाठी जुन्या मोटारसायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. तो मुळात कारसाठी बनवलेला, पण पूर्वीपासून लोक तो टूरिंग गाड्यांवर चढवत आलेत. गाडी विकून टाकलेल्या एका वयस्कर गृहस्थांकडे न उघडलेला खोका पडून होता. ७० डॉलरला मिळाला. वर त्यांनी एक वाक्य फुकट दिलं: “बसवायला सोपा आहे, सुटायला शिकवावं लागतं.” तेव्हा मला ते नीट कळलं नाही.

खोक्यातला मुख्य भाग म्हणजे काळा सर्व्हो, मुठीत न मावणारा, छोट्या डब्याएवढा. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन हवा ओढतं तेव्हा थ्रॉटलच्या पलीकडे दाब कमी होतो. तो व्हॅक्यूम नळीने डब्यात आणला, की बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते आणि पडद्याला जोडलेली केबल थ्रॉटल उघडते. वेग कमी झाला की एक व्हॉल्व्ह उघडून आणखी व्हॅक्यूम आत घ्यायचा, जास्त झाला की दुसरा व्हॉल्व्ह उघडून बाहेरची हवा आत सोडायची. हा हिशेब डब्यातलंच छोटं मॉड्यूल करतं.

हे सगळं मी एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, ३१ वर्षं भुसावळला रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये फिटर होते. व्हॅक्यूम हा शब्द ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावला.

“नळी निघाली तर काय होईल?”

“कुठली नळी?”

“अरे, ही. इंजिनाकडून येते ती. चालत्या गाडीत निघाली तर?”

आप्पांच्या काळातल्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी, तिच्यात पाऱ्याच्या मापाने साधारण २० इंचांचा व्हॅक्यूम, आणि तो आहे तोवर ब्रेक सुटलेले. होज पाईप निघाला, कुणी साखळी ओढली, गाडीचे दोन तुकडे झाले, काहीही झालं तरी हवा आत शिरणार आणि ब्रेक लागणार. बिघडलं की गाडी थांबणार. त्यांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर गेलेलं.

मी म्हटलं, “निघाली तर पडदा सैल पडेल, स्प्रिंग थ्रॉटल बंद करेल.”

“आणि वीज गेली तर?”

“हवेचा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडाच राहतो. तेच होईल.”

“मग ठीक. आणि केबल अडकली तर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काम मार्चमध्ये काढलं. प्लॅट नदीवर सँडहिल क्रौंच उतरलेले, लोक दुर्बिणी घेऊन कियर्नीकडे चाललेले, आणि मी गॅरेजमध्ये हीटरसमोर उकिडवा. सीट काढली, बाजूची पॅनेलं काढली, टाकी उचलली, एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची पेटी, बाहेर काढला. मग कुठे दोन्ही थ्रॉटल बॉडी दिसल्या. या गाडीचं इंजिन व्ही-ट्विन, एक सिलिंडर पुढे, एक मागे, प्रत्येकाची थ्रॉटल बॉडी वेगळी आणि प्रत्येकीला व्हॅक्यूमचं बारीक निपल. दोन्ही सिलिंडर सिंक करताना गेज तिथेच लावतात.

कारच्या इंजिनाला सगळ्या सिलिंडरचं मिळून एक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारी सामाईक नळी, असतं, त्यात व्हॅक्यूम सलग मिळतो. आमच्याकडे मात्र एकेका सिलिंडरचे हिसके. पिस्टन खाली गेला की ओढ, मग काही नाही, मग पुन्हा ओढ. सर्व्होला असलं अन्न चालत नाही. म्हणून मध्ये साठवणीचा डबा लागतो आणि डब्याच्या तोंडाशी एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह. डबा मी घरीच केला. प्लंबिंगचा दोन इंची एबीएस पाईप, दहा इंच लांब, दोन्ही टोकांना टोप्या, एका टोपीत पितळी निपल. माशांच्या टाकीचे प्लॅस्टिकचे चेक व्हॉल्व्ह दीड डॉलरला मिळतात, लोक तेही वापरतात. पेट्रोलची वाफ आणि इंजिनाची धग सोसायला ते केलेले नाहीत, मी कारच्या ब्रेक बूस्टरच्या जातीचे घेतले. इथे पैसे वाचवणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

डब्याची परीक्षा हातपंपाने केली. १५ इंच ओढून ठेवले आणि चहा करायला गेलो. परत आलो तर काटा ९ वर. साबणाचं पाणी लावून उपयोग नाही, हवा आत जाते, बुडबुडा यायचा कुठून? शेवटी डब्यात उलटी थोडी हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवला, तेव्हा निपलच्या आट्यांतून मोत्यांसारखी ओळ वर आली. इपॉक्सी भरलं. दुसऱ्या दिवशी काटा अर्ध्या तासात हलला नाही.

दोन थ्रॉटल बॉडींच्या नळ्या मी इंग्रजी टीच्या आकाराचा जोड लावून एकत्र केल्या आणि त्यानंतर एकच व्हॉल्व्ह टाकला. गाडी चालू केली तर आयडलला, म्हणजे मूठ न पिळता, अशी धडधडायला लागली, जणू एक सिलिंडर मेलंय. थोडा वेळ मी स्पार्क प्लगच्या मागे लागलो. मग ट्यूब पेटली: टी लावून मी दोन्ही सिलिंडरांना एकमेकांची हवा प्यायला लावलं होतं. टीच्या आधी प्रत्येक नळीत स्वतंत्र व्हॉल्व्ह घातला, आयडल पूर्वीसारखं.

सर्व्हो सीटखालच्या पॅनेलमागे बसवला. तिथून केबल मोठ्या वळणाने थ्रॉटलपर्यंत आणली, कारण वळण आवळलं की ती आत घासते. वायरिंगवर फार लिहीत नाही. वीज स्विचमधून येणाऱ्या लाईनवरून, मध्ये फ्यूज. वेगाचा सिग्नल गाडीच्या स्वतःच्या स्पीड सेन्सरच्या वायरीतून. संचात चाकावर लावायची चुंबकं आणि कॉइलही येते. मागचं चाक मैलाला साधारण ८०० फेरे घेतं, मैलाला ४००० पल्सचं सेटिंग हवं तर पाच चुंबकं. हिशेब मजेशीर आहे, पण चेनच्या तेलात आणि चिखलात ती चुंबकं किती दिवस राहणार? इंजिनाच्या फेऱ्यांची वायर मात्र टाळू नये. कारच्या संचाला तुमचा क्लच माहीत नसतो. क्लच दाबलात की इंजिन मोकळं होऊन किंचाळतं, तेव्हा फेरे एकदम वाढलेले बघून मॉड्यूल हात काढून घेतं.

आता केबलचं टोक. सर्व्होच्या केबलच्या टोकाला मण्यांची साखळी असते, वॉशबेसिनच्या बुचाला असते अगदी तशी. ही थ्रॉटलच्या चाकाला जोडायची. साखळी अशासाठी, की तुम्ही हाताने मूठ पिळता तेव्हा थ्रॉटल उघडतो, पण सर्व्हो तिथेच असतो. मध्ये काहीतरी सैल पडायला हवं. ताठ तार असती तर ती थ्रॉटलला मागून ढकलत बसली असती. मासेमारीच्या दुकानातला छोटा स्विव्हेल, म्हणजे गोल फिरणारी कडी, आणून मी साखळी जोडली. साखळीला एका मण्याएवढी ढील ठेवली, म्हणजे मूठ सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद होईल.

इंजिन बंद. मूठ पूर्ण पिळली, सोडली. टक. छान आवाज. पुन्हा पिळली, सोडली. टक. असं मी वीसेक वेळा केलं असेल, आणि समाधानाने एअरबॉक्स उचलला. तेवढ्यात आप्पांचा तिसरा प्रश्न आठवला. हँडल पूर्ण डावीकडे वळवून पिळली. टक. पूर्ण उजवीकडे. टक. मग हळू पिळली, अगदी सावकाश, शेवटापर्यंत, आणि सावकाश सोडली.

टक आला नाही.

मूठ एक अष्टमांश फेऱ्यावर थांबलेली. टॉर्च आत घातला. थ्रॉटल पूर्ण उघडतो तेव्हा साखळी सैल पडून खाली लोंबते. झटक्यात सोडल्यावर ती उडून सरळ व्हायची, म्हणून इतका वेळ काही कळलं नव्हतं. सावकाश सोडल्यावर मात्र तिचा एक घडीचा लूप नळीच्या क्लिपच्या कानाखाली शिरला होता. एक क्लिप, करंगळीच्या नखाएवढा तिचा कान. रस्त्यावर हे झालं असतं तर मी मूठ सोडली असती आणि गाडी पळत राहिली असती.

मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. हीटर फुरफुरत होता. बायको कपडे वाळत टाकायला ड्रायरकडे आली, माझं तोंड बघून म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, क्लिप फिरवायची आहे.

क्लिप फिरवली, कान खाली. साखळीवर हीटश्रिंकची नळी चढवून हलकी गरम केली. आता साखळी वाकते पण घडी पडत नाही. मग पिळणं, सोडणं, जोरात, हळू, हँडल इकडे, हँडल तिकडे, मी वहीत रेघा मारत १०० वेळा केलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

“म्हणजे हे हात सोडून गाडी चालवण्यासाठी आहे?”

“एकच हात. आणि थोडाच वेळ.”

“आणि तो हात कुठे ठेवणार?”

“मांडीवर.”

“पंधरा वर्षांत एकदा तो हात भांड्यांवर ठेवलेला पाहिला नाही मी.”

पहिली चाचणी गावाबाहेरच्या काउंटी रोडवर, ४५ मैलांवर. हँडलवरचं बटणांचं पॅड चालू केलं, दिवा लागला. सेट दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. गाडी शांतपणे मंदावत गेली.

दोन संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो, आणि चूक निघाली ती माझीच, तीही वर्षभरापूर्वीची. हे मॉड्यूल ब्रेकच्या दिव्याचा आधार घेतं. ब्रेक सोडलेला असताना त्याची एक वायर साध्या बल्बच्या तारेतून अर्थिंगपर्यंत पोहोचते. तारेचा रोध इतका कमी, की मॉड्यूलला ते थेट अर्थिंगच वाटतं. ब्रेक दाबला की त्याच वायरीवर १२ व्होल्ट येतात आणि मॉड्यूल तत्क्षणी सोडतं. अर्थिंग दिसलंच नाही तर ते समजतं, ब्रेकच्या सर्किटमध्ये गडबड आहे, आणि पकडायलाच नकार देतं. किती शहाणपणाची योजना! आणि मी गेल्या उन्हाळ्यात उजेड चांगला पडतो म्हणून मागचे बल्ब काढून एलईडी घातले होते. एलईडीतून अर्थिंग दिसत नाही.

बल्ब परत घालणं हा सोपा उपाय होता. पण मागच्याला मी दिसावं हेही हवं होतं, म्हणून पाच पायांचा रिले, म्हणजे विजेने फिरणारा स्विच, टाकला. मॉड्यूलची वायर ३० नंबरला, ८७ए वर अर्थिंग, ८७ वर फ्यूजमधून १२ व्होल्ट, आणि कॉइलला ब्रेकच्या दिव्याची लाईन. ब्रेक सोडलेला असताना अर्थिंग, दाबल्यावर १२ व्होल्ट. मात्र इथे आप्पांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: हा रिलेच मेला तर? तर ब्रेक दाबूनही मॉड्यूलला कळणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये रोज ब्रेक दाबून रिलेची टिक ऐकतो, आणि रस्त्यावर पहिल्यांदा सेट केल्यावर लगेच पुढच्या ब्रेकला बोट लावून, मग मागच्याला पाय लावून, दोन्हींनी सुटतंय का ते पाहतो. पॅडवरचं बटण आणि हँडलवरचा, इंजिन बंद करणारा किल स्विच आहेतच.

दुसऱ्या चाचणीत पकडलं. पण कसं? एखाद्या नवशिक्याने पकडावं तसं. हिसका देऊन ५० वर, मग सोडून ४३ वर, पुन्हा हिसका. कारच्या वजनाच्या मानाने बसवलेला स्वभाव, आणि खाली त्याच्या एक पंचमांशही वजन नसलेली गाडी. सर्व्होच्या बाजूला रबरी बूच असतं, त्यामागे इवलाले स्विच. टूथपिकने संवेदनशीलता सर्वांत कमी केली. साखळीची ढील अर्ध्या मण्याने कमी केली, कारण जास्त ढील म्हणजे सर्व्होने आधी ती गोळा करायची आणि मग धाडकन ओढायचं.

तिसऱ्या चाचणीत ५५ वर सेट दाबलं आणि तळहात सैल सोडला. मूठ तळहाताखाली आपणहून किंचित फिरली. सर्व्हो थ्रॉटलचं चाक फिरवतो, चाक परतीची केबल ओढतं, केबल मूठ फिरवते, हे मला माहीत होतं, केबल मीच तर जोडली होती. तरी अंगावर काटा आला. छोटा चढ आला, मूठ जराशी उघडली. चढ संपला, मूठ मिटली. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने हसलो. मग जाणूनबुजून तिच्याविरुद्ध मूठ बंद केली, तर ती माझ्यापुढे नमली. हेही तपासायचं होतं.

मे महिन्यात डेन्व्हरला गेलो. लिंकन सोडल्यावर ७५ वर सेट केलं, हात मांडीवर ठेवला, बोटं उघडली, मिटली. यॉर्क गेलं, अंगठा जिवंत. कियर्नीची कमान गेली. ट्रकच्या मागच्या हवेच्या खळबळीत शिरण्याआधी मी ते बंद करायचो, आणि नॉर्थ प्लॅटला पाऊस लागला तेव्हाही, ओल्या रस्त्यावर चाक घसरलं तर त्याला ते वेग वाढल्यासारखं दिसणार, मला तो वाद घालायचा नव्हता. जुल्सबर्गजवळ कोलोरॅडोत शिरलो, तेव्हा पहिल्यांदाच या रस्त्यावर मी आजूबाजूला पाहत होतो.

गंमत डेन्व्हरच्या पुढे झाली. दुसऱ्या दिवशी इंटरस्टेट-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालो. उंची ११,१५८ फूट. ६० वर सेट केलेलं, जॉर्जटाऊनच्या पुढे चढ लागला आणि काटा ५७, ५५, ५२. सर्व्हो ओढून ओढून दमला होता. चढावर थ्रॉटल जितका उघडा, तितका इंजिनामागचा व्हॅक्यूम कमी, म्हणजे मदत जेव्हा सर्वांत जास्त हवी तेव्हाच हातातलं बळ जातं. माझ्या दहा इंची पाईपातली शिल्लक पहिल्या मैलातच संपली. त्यात त्या उंचीवर हवाच एक तृतीयांशाने विरळ. पडद्याला ढकलते ती बाहेरची हवा, तीच पातळ झाल्यावर डबा तरी काय करणार? मी मूठ हातात घेतली आणि जुन्या पद्धतीने वर गेलो.

बोगदा ओलांडून खाली उतरल्यावर एका पेट्रोल पंपावरून आप्पांना फोन लावला. तिकडे रात्र होती, ते जागे होते. सगळं सांगितलं, ५२ पर्यंत कसा उतरला तेही.

“उंची किती म्हणालास?”

“अकरा हजार फुटांच्या वर.”

“तिथे बाहेरच २० इंच धरायला हवा नाही, तुझ्या डब्यात कुठून येणार?” ते थोडं थांबले. “आमच्याकडे कसाऱ्याला गाडी थांबवून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायचे, मग इगतपुरी. तुला मागून कोण लावलं होतं?”

मी म्हटलं, एक ट्रक होता, पण तो लावून घ्यायची माझी तयारी नव्हती.